शिप सेलिंगला आहे, फोन लागणार नाही

हैदराबादच्या सुलतान बाजारातल्या माणसाला लष्कर नवं नाही. सिकंदराबादची छावणी शेजारीच, आणि हवाई दलाची विमानं हकीमपेट-दुंडिगलच्या बाजूला रोजची. नौदल तेवढं परकं, कारण जवळात जवळचा समुद्रसुद्धा तीनशेएक किलोमीटर लांब. म्हणून बडी चावडी किंवा काचीगुड्याच्या एखाद्या मराठी घरातला मुलगा, हल्ली मुलगीही, अग्निवीर म्हणून नौदलात गेली, की घरचे लष्करातल्या ओळखीच्यांना विचारून अंदाज बांधतात. त्यातला एक अंदाज हमखास फसतो. चिल्का संपलं म्हणजे कठीण दिवस संपले, असं सगळ्यांना वाटतं.

ओडिशात चिल्का सरोवराच्या काठी १९८० पासून आयएनएस चिल्का हे नौसैनिकांचं प्रशिक्षण केंद्र आहे. अग्निवीरांची पहिली तुकडी तिथून २८ मार्च २०२३ रोजी बाहेर पडली. सुमारे २,६०० जण होते, त्यांत २७० हून अधिक मुली. संचलन सूर्यास्तानंतर, दिव्यांच्या उजेडात झालं. आपल्या सैन्यदलांत असं पहिल्यांदाच घडत होतं. त्याआधीचे सोळा आठवडे मुलांसाठी अंगमेहनतीचे होते, पण घरच्यांना एक आधार होता. पोरगं कुठे आहे हे पक्कं ठाऊक होतं. केंद्र एक, पत्ता एक, दिनक्रम ठरलेला.

पुढे तो आधार सुटतो. चिल्कातून निघालेल्यांना समुद्रावरच्या प्रशिक्षणासाठी युद्धनौकांवर धाडतात, आणि आपापल्या शाखेचं शिक्षण वेगवेगळ्या गावी होतं: इंजिनांचं काम लोणावळ्याच्या आयएनएस शिवाजीत, विजेचं जामनगरच्या वालसुरात, तोफांचं कोचीच्या द्रोणाचार्यात, भांडाराचं मुंबईत मालाडजवळच्या हमलात. पाणबुडीचं शिक्षण विशाखापट्टणमला, आयएनएस सातवाहनात. (सातवाहन पैठणचे की तेलंगणचे, हा वाद हैदराबादच्या मराठी घरांत शेजाऱ्यांशी चवीनं चालतो. नौदलानं नाव दिलं आणि त्यात पडलं नाही.) विशाखापट्टणम मिळालं तर इथले लोक खूश होतात, कारण संध्याकाळी गोदावरी एक्स्प्रेसमध्ये बसलं की सकाळी पोचता येतं. पण पोचून उपयोग काय, हे आधी विचारावं. तळावर पाहुण्यांना मनात आलं म्हणून जाता येत नाही, आणि बाहेर पडायची मोकळीक, ज्याला ही मुलं ‘लिबर्टी’ म्हणतात, ती ड्यूटी नसेल तेव्हाच. लोणावळा मिळालं तर पुण्यातली मावशी डबा घेऊन निघणारच. तिलाही हे सांगून ठेवावं.

सगळ्यात जड जातं ते गप्प राहणं. जहाज किनाऱ्यापासून लांब गेलं की मोबाइलला रेंज नसते. काम वॉचमध्ये, म्हणजे पाळ्यांमध्ये चालतं. रात्री बारा ते चारची पाळी करून आलेलं पोर सकाळी आईच्या फोनला दोन शब्दांत उत्तर देतं. ते तुटलेपण नसतं, झोप असते. पहिल्या सेलिंगला बहुतेकांना समुद्र लागतो. ओकाऱ्यांचे ते दिवस मुलं घरी सांगत नाहीत, आणि घरच्यांनीही खोदून विचारू नये.

त्याहून महत्त्वाचं, कुठे निघालात आणि कधी परतणार, हे विचारू नये. त्यानं चुकून सांगितलंच तर कॉलनीच्या ग्रुपवर टाकू नये. डिसेंबर २०१९ मध्ये हेरगिरीच्या प्रकरणात नौसैनिकांना अटक झाली. समाजमाध्यमांवर ओळख वाढवून त्यांच्याकडून जहाजांची माहिती काढली गेल्याचा आरोप होता. त्यानंतर नौदलानं जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि फेसबुकला बंदी घातली. गणवेशातला फोटो, खाली जहाजाचं नाव आणि ‘आमचा बाळू उद्या निघाला’ एवढ्या तीन गोष्टी कौतुकानं एकत्र आल्या, तरी परक्याला पुष्कळ कळतं. मामा-काका मंडळींना हे पटवणं अवघड असतं. आईनंच वाईटपणा घ्यावा.

पत्राची मात्र सोय जुनी आणि चांगली आहे. नाव, हुद्दा, सर्व्हिस नंबर, जहाजाचं नाव आणि पुढे फ्लीट मेल ऑफिस, एवढ्या पत्त्यावर टपाल जातं. जहाज कुठल्या बंदरात आहे हे आपल्याला ठाऊक असावं लागत नाही. नेमका पत्ता त्याच्याकडूनच घ्यावा. फराळ पाठवायचा तर टिकणारा पाठवावा. चकली चालेल, ओल्या नारळाची करंजी नको. आणि दहा जणांना पुरेल एवढा, कारण मेसमध्ये डबा एकट्याचा राहत नाही.

घरात गंभीर आजारपण आलं तर काय करायचं, हे आजारपण नसतानाच ठरवून ठेवावं. प्रत्येक नौसैनिक एका डिव्हिजनल अधिकाऱ्याच्या हाताखाली असतो आणि त्याच्या अडीअडचणी पाहणं हे त्या अधिकाऱ्याचं कामच असतं. सर्व्हिस नंबर, युनिटचं नाव आणि तिथला फोन कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवा. वेळ आलीच तर रुग्णालयाचं नाव आणि डॉक्टरांचं म्हणणं सांगा. ‘बाबांना बरं नाही, ये’ अशा अर्धवट निरोपानं तिकडचं पोर नुसतं पोखरत राहतं. अग्निवीराला वर्षाला तीसच दिवस रजा, हेही मनात असू द्या. ती सगळी लग्नमुंजींना वाटून टाकू नये.

पैशाचं स्पष्ट बोलावं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये. त्यातले ९,००० सेवानिधीत जातात, हातात २१,००० येतात. सरकारही तेवढीच भर घालतं आणि चार वर्षांअखेर सुमारे १०.०४ लाख आणि वर व्याज, करमुक्त मिळतं. त्या रकमेवर आजच फ्लॅटचं बुकिंग करणारे बाप असतात. ती त्याची शिदोरी आहे, कारण चार वर्षांनी जास्तीत जास्त पंचवीस टक्के अग्निवीरच नौदलात पुढे राहतात. ‘तू त्या पंचवीसात येशील ना?’ हा प्रश्न तो स्वतःला रोज विचारत असतो. फोनवर आपण आणखी विचारायची गरज नाही.

त्यापेक्षा शिक्षणाचं बघावं. दहावीवर गेलेल्यांना मुक्त विद्यालयातून बारावीची वाट आहे, आणि अग्निवीरांसाठी इग्नूनं आखलेल्या पदवीत निम्मे श्रेयांक सेवेतल्या प्रशिक्षणाचेच धरले जातात. माहितीपत्रकं मिळवणं, तारखांवर लक्ष ठेवणं, हे काम घरबसल्या होतं आणि जहाजावरून नीट होत नाही.

स्थळं घेऊन येणाऱ्यांचं उत्तर सोपं आहे. या चार वर्षांत अग्निवीराला लग्न करता येत नाही. आत्याबाईंना नियम दाखवावा आणि चहा द्यावा.