आपल्याकडचा खेळाडू

संघांनी ठरलेल्या क्रमाने एकेक खेळाडू निवडत जायचे, या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात. लिलावात पैसा बोलतो, ड्राफ्टमध्ये पाळी. अमेरिकन फुटबॉलमध्ये पहिला ड्राफ्ट १९३६ साली झाला. श्रीमंत आणि नावाजलेल्या संघांनी चांगले खेळाडू आधीच ओढून नेऊ नयेत, तळाच्या संघाला पहिली पाळी मिळावी, हा त्यामागचा हेतू होता. त्या ड्राफ्टमधले पहिलेच नाव जे बर्वांगरचे. तो शिकागो विद्यापीठाचा खेळाडू. निवडले फिलाडेल्फियाने, पण त्याचे हक्क लवकरच शिकागोच्या संघाकडे गेले. पैशांवर जमले नाही म्हणून तो व्यावसायिक फुटबॉल कधी खेळला नाही. खेळाडू पाळीने वाटून देण्यासाठी काढलेल्या पद्धतीत पहिल्याच खेळाडूचे हक्क पुन्हा त्याच्या विद्यापीठाच्या शहरातल्या संघाकडे वळले, ही गोष्ट मात्र लक्षात राहण्यासारखी आहे.

अमेरिकेतल्या बास्केटबॉलने तर गावाचा हक्क नियमातच लिहून ठेवला होता. १९४९ पासून १९६५ पर्यंत संघाला पहिल्या फेरीची पाळी सोडून आपल्या परिसरातला एक खेळाडू थेट घेता येत असे. विल्ट चेंबरलेन महाविद्यालयीन बास्केटबॉल खेळला कॅन्ससमध्ये, पण शाळेपर्यंत वाढला फिलाडेल्फियात. १९५९ मध्ये फिलाडेल्फियाच्या संघाने त्याला याच हक्काने घेतले. आजच्या अमेरिकन फुटबॉलमध्ये असा हक्क नाही, पण त्याच्याशी मिळतीजुळती एक सवलत आहे. ड्राफ्टपूर्वी प्रत्येक संघाला ३० खेळाडूंनाच आपल्या मुख्यालयी बोलावता येते. त्या शहरात वाढलेले किंवा तिथेच शिकलेले खेळाडू या तिसांत मोजले जात नाहीत. गावच्या मुलाला संघात जागा मिळेलच असे नाही, पण त्याच्याकडे जास्त वेळ पाहिले जाते. गावाचा संबंध निवडीत काम करतो तो मुख्यतः असा.

भारतीय फुटबॉलमध्ये ड्राफ्ट आला तो इंडियन सुपर लीगच्या पहिल्या वर्षी, २०१४ मध्ये. गोव्याने आपला संघ डेम्पो क्लबच्या खेळाडूंभोवती उभा केला. मंदार राव देसाई, रोमिओ फर्नांडिस हे तिथलेच. त्यांना पाहिलेले डोळे गोव्यात होते, त्यांना ओळखणारा प्रेक्षकही गोव्यात होता. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये मात्र उलटे घडले. मलप्पुरमच्या अनस एडतोडिकाला नव्याने आलेल्या जमशेदपूरने पहिल्याच पाळीत १ कोटी १० लाखांना घेतले. वर्षभराने, २०१८ मध्ये, तो केरळच्या संघात आला. ड्राफ्टने गाव तोडले तरी करार संपताना ते पुन्हा जोडले जाऊ शकते, पण त्यासाठी गावाजवळ संघ असावा लागतो. कोल्हापूरला फुटबॉलचे वेड असूनही या लीगमध्ये कोल्हापूरचा संघ नाही. तिथला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला आणि पुढे जमशेदपूरकडून.

क्रिकेटने हा प्रश्न आकड्याने सोडवून पाहिला. २००८ च्या आयपीएलमध्ये प्रत्येक संघाला आपल्या ठरवून दिलेल्या परिसरातले किमान चार खेळाडू घ्यावे लागत. सचिन तेंडुलकर मुंबईला, राहुल द्रविड बंगळुरूला, सौरव गांगुली कोलकात्याला, हे लिलावाच्या आधीच ठरलेले होते. त्याच वर्षी एकोणीस वर्षांखालील विश्वविजेत्या संघातल्या खेळाडूंचा वेगळा ड्राफ्ट झाला. दिल्लीने त्यात प्रदीप सांगवानला घेतले आणि विराट कोहली बंगळुरूला गेला. दोघेही दिल्लीचेच. म्हणजे गाव सारखे असले की गावाचे वजन शून्य होते, आणि संघाला गोलंदाज हवा की फलंदाज एवढेच उरते. चार खेळाडूंचा तो नियम पुढे राहिला नाही.

आता मराठवाड्यात येऊ. नांदेड आणि लातूरच्या मुलांना सर्वांत जवळून लागू होणारे उदाहरण २०२३ चे आहे. त्या वर्षी जूनमध्ये क्रिकेटची महाराष्ट्र प्रीमियर लीग सुरू झाली. पुणे, कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, रत्नागिरी आणि सोलापूर असे सहा संघ. नांदेडचा नाही, लातूरचा नाही. लिलावाआधी प्रत्येक संघाला एक प्रमुख खेळाडू मिळाला, आणि ही सहा नावे गावाच्या अंगाने वाचली तर बरेच कळते. ऋतुराज गायकवाड पिंपरी-चिंचवडचा, तो पुण्याकडे. राजवर्धन हंगरगेकर तुळजापूरचा, तो छत्रपती संभाजीनगरकडे. इथपर्यंत गाव जुळते. पुढे पुण्याचा केदार जाधव कोल्हापूरकडे, पुण्यातच घडलेला राहुल त्रिपाठी नाशिककडे, लोणावळ्याचा विकी ओस्तवाल सोलापूरकडे आणि अहमदनगरचा अझीम काझी रत्नागिरीकडे. सहापैकी दोन.

आणि त्या दोनांतलेही एक नाव नकाशा काढून तपासावे असे आहे. तुळजापूर ते सोलापूर ४५ किलोमीटर. तुळजापूर ते छत्रपती संभाजीनगर अडीचशेहून जास्त. एसटीच्या हिशेबाने हंगरगेकर सोलापूरच्या अंगणातला, पण धाराशिव जिल्हा मराठवाड्यात येतो आणि मराठवाड्याच्या नावाने उभा असलेला संघ एकच होता. इथे गावाचा संबंध अंतराने ठरला नाही, प्रदेशाच्या ओळखीने ठरला. एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेला, २०२२ च्या आयपीएल लिलावात चेन्नईने दीड कोटीला घेतलेला वेगवान गोलंदाज कोणत्याही संघाला हवाच असणार. तरीही मराठवाड्याच्या प्रेक्षकाला त्याचे नाव त्या संघाच्या जर्सीवर पाहताना जो आनंद झाला तो खरा होता, आणि संघ चालवणाऱ्यांना त्या आनंदाची किंमत कळते.

सगळ्यांच्या वाट्याला हे येत नाही. सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीने त्याच स्पर्धेत ५४ चेंडूंत ११७ धावा केल्या, १३ षटकार मारले, आणि ते नाशिककडून. सोलापूरचा संघ त्याच स्पर्धेत खेळत होता. बीडचा सचिन धस कोल्हापूरकडे गेला. पुढच्या वर्षी, २०२४ मध्ये, एकोणीस वर्षांखालील विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात त्याने ९६ धावा करून भारताला अंतिम फेरीत नेले. पहिल्या हंगामातले सगळे सामने पुण्याजवळच्या गहुंजेच्या एकाच मैदानावर झाले. रत्नागिरीचा संघ रत्नागिरीत खेळला नाही, कोल्हापूरचा कोल्हापुरात नाही. घरचे मैदानच नसेल तर घरच्या खेळाडूमुळे तिकिटे खपतात, हा ड्राफ्टमधला जुना युक्तिवाद लंगडा पडतो. मग निवड करणाऱ्याकडे दोनच गोष्टी उरतात: कागदावरची कामगिरी आणि ‘मी याला खेळताना पाहिलंय’ असे सांगणारा माणूस.

हा माणूस नांदेड-लातूरमध्ये कसा काम करतो, हे जिल्ह्याच्या निवड चाचणीत दिसते. चाचणी सकाळी लवकर सुरू होते, कारण उन्हाळ्यात दहानंतर मैदानावर उभे राहणे कठीण. नांदेडला किनवट, देगलूर, मुखेड, कंधारहून मुले येतात. लातूरला उदगीर, निलंगा, अहमदपूर, औशाहून. लांबची मुले पहाटेची एसटी धरतात किंवा आदल्या रात्री नातेवाइकांकडे मुक्कामाला येतात. किनवट ते नांदेड हा प्रवासच तीन-चार तासांचा. आधी कागद तपासले जातात: जन्मदाखला, आधार, शाळेचा बोनाफाईड. मग फलंदाज आणि गोलंदाज वेगळे होतात आणि नेट सुरू होते.

एका मुलाला नेटमध्ये काही मिनिटे मिळतात. बऱ्याच जणांचा सगळा सराव मॅटिंगवर झालेला असतो. मॅटिंगवर चेंडू उसळून येतो, त्यामुळे ही मुले पुल आणि कट झकास मारतात. टर्फवर चेंडू खाली राहिला की पाय अडकतो. हे पाहणाऱ्याला माहीत असेल तर तो मुलाला आणखी दोन षटके देतो. माहीत नसेल तर पुढचे नाव पुकारतो. गावाचा संबंध निवडीत शिरतो तो इथे, आणि इथे तो पक्षपात नसतो. उदगीरच्या मैदानाची खेळपट्टी कशी आहे हे ठाऊक असणे, त्या मुलाने गेल्या हंगामात कोणत्या गोलंदाजीपुढे धावा केल्या हे ठाऊक असणे, ही माहिती आहे. पुण्याच्या क्लबमधल्या मुलाची अशी माहिती दहा जणांकडे असते. किनवटच्या मुलाची एकाकडे असते, कधी कुणाकडेच नसते.

म्हणूनच जिल्ह्याच्या प्रशिक्षकाची वही महत्त्वाची ठरते. साधी, रेघांची, शाळेतली वही. तीत नाव, तालुका, जन्मतारीख, डावरा की उजवा, आणि त्यापुढे दोन-चार शब्द: ‘चेंडू बाहेर नेतो’, ‘दमतो लवकर’, ‘हात मऊ’. काही नावांपुढे मोबाईल क्रमांक वडिलांचा असतो, काहींपुढे शेजाऱ्याचा. शेवटच्या रकान्यात एक शेरा पुन्हा पुन्हा येतो: ‘बारावीनंतर?’ लातूर हे शिकवणीचे शहर. राज्यभरातली मुले वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशाच्या तयारीसाठी तिथे येतात, आणि तिथली स्वतःची मुलेही त्याच तयारीत असतात. सोळा ते अठरा हे क्रिकेटमध्ये निवडीचे वय, आणि तेच वय परीक्षेचे. त्या दोन वर्षांत वहीतली कितीतरी नावे गळतात. घरच्यांना दोष देता येत नाही. मुलगा डॉक्टर झाला तर घराचे दिवस पालटतात. मुलगा जिल्ह्याकडून खेळला तर पुढचा खर्च सुरू होतो.

तो खर्च प्रशिक्षक एका आकड्यात सांगतात: साडेचारशे किलोमीटर. नांदेडहून पुणे तेवढे पडते. लातूरहून कमी, सव्वातीनशेच्या आसपास. महाराष्ट्र क्रिकेट असोसिएशनच्या निमंत्रित स्पर्धांत जिल्ह्यांचे संघ पुण्यातल्या क्लबांशी खेळतात, आणि राज्याच्या निवड समितीचे लक्ष वेधण्याची मुख्य संधी तीच. सामना दोन दिवसांचा असला तरी साडेचारशे किलोमीटर जायचे आणि साडेचारशे यायचे, म्हणजे शाळेचा आठवडा गेला. पुण्यातला मुलगा सामना संपवून संध्याकाळी घरी जेवतो. विमा, आहार, फिजिओ या गोष्टी नंतरच्या, आधी झोप. रात्रभर बसमध्ये बसून आलेल्या गोलंदाजाचा पहिला स्पेल पाहून त्याचा वेग ठरवणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे, आणि दुसरा स्पेल पाहायला सगळेच थांबत नाहीत.

महाराष्ट्र प्रीमियर लीगमध्ये २०२३ साली मराठवाड्याचा म्हणून जो संघ होता त्याचे नाव छत्रपती संभाजीनगरचे. नांदेडहून ते शहर जितके लांब, जवळपास तितकेच हैदराबाद. १९४८ पर्यंत हा सगळा भाग हैदराबाद संस्थानात होता, आणि नांदेडच्या बाजारपेठेची, दवाखान्यांची, सोयरिकींची वाट आजही त्या दिशेला जाते. खेळाची वाट मात्र पुण्याला जाते. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्यात होते. जिल्हा झाल्यावर स्वतःचा संघ आला, स्वतःची चाचणी आली. आपल्या नावाचा संघ असणे किती कामाचे असते याचा हा घरचाच पुरावा आहे, कारण जिल्हा वेगळा झाल्याबरोबर अकरा मुलांना जास्तीची जागा मिळाली. आयपीएलच्या बातम्यांत लातूरचे नाव गाजले ते मात्र खेळाडूमुळे नव्हे. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी न्यावे लागले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ३० तारखेनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर नेण्याचा आदेश दिला. ज्या शहरात नळाला पाणी नाही तिथे टर्फची खेळपट्टी कोण राखणार, हा प्रश्न त्या वर्षी कुणी विचारला नाही, कारण विचारायची गरजच नव्हती.

शालेय फुटबॉलची रचना याहून थोडी उदार आहे. सुब्रतो करंडकासाठी शाळेचा संघ तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्या चढतो. लातूर, नांदेड आणि धाराशिव हे जिल्हे लातूर विभागात येतात. इथे एकेका मुलाला उचलत नाहीत, अख्खा संघ पुढे जातो, त्यामुळे गाव फुटत नाही. पण विभागात हरले की हंगाम संपतो, आणि त्या संघातला चांगला गोलरक्षक बाकीच्यांबरोबर घरी जातो. क्रिकेटच्या चाचणीत तो एकटा तरी पुढे गेला असता. दोन्ही पद्धतींत काहीतरी हातचे जाते. नांदेड-लातूरसारख्या ठिकाणी, जिथे पाहणारे थोडे आहेत, संघाने पुढे जाण्याची पद्धत जास्त न्याय्य वाटते, कारण एका मुलाला पाहायला कुणी आले तर उरलेले दहा आपोआप दिसतात.

लिलावाच्या यादीपर्यंत जो पोचतो त्याचे गाव बहुधा वाटेत बदललेले असते. चौदा-पंधराव्या वर्षी तो पुण्याच्या अकादमीत येतो, खोली भाड्याने घेतो, तिथल्या क्लबकडून खेळायला लागतो. पुढे त्याची कामगिरी त्या क्लबच्या नावावर नोंदली जाते. संघांपुढे यादी येते तेव्हा तीत वय, फलंदाजी, गोलंदाजी, मूळ किंमत आणि क्लब असतो. तालुक्याचा रकाना नसतो. मराठवाड्यातला मुलगा हवा असे एखाद्या संघाला मनापासून वाटले, तरी त्या यादीतून तो ओळखता येत नाही. त्यासाठी नांदेडला फोन करून कुणाला तरी ती रेघांची वही उघडायला सांगावी लागते.