इनुइट स्त्रियांचे उलू : रचना, द्रव्य व उपयोग

शिकारीवर उपजीविका करणाऱ्या समाजांच्या हत्यारांचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष प्रायः प्राणी मारण्याच्या साधनांकडे जाते. भाला, धनुष्य, हार्पून यांवर विपुल लेखन झाले आहे. परंतु मारलेल्या प्राण्याचे अन्न, वस्त्र आणि इंधन ज्या हत्याराने सिद्ध होते, त्याला संग्रहालयांच्या सूचीत एखाददुसऱ्या ओळीपलीकडे स्थान मिळत नाही. उत्तर ध्रुवाभोवतालच्या प्रदेशात तर ही उपेक्षा विशेष खटकणारी आहे. सील मारून आणला, पण चरबी काढताना त्याचे कातडे फाटले, तर त्यातून पाणी न शिरणारा जोडा होत नाही. आणि ओल्या पायांनी हिवाळ्यातील बर्फावर शिकारी फार काळ उभा राहू शकत नाही. म्हणजे पुढील शिकार ही मागील शिकारीच्या कातड्यावर अवलंबून असते. हे कातडे ज्या सुरीने सोडविले, खरवडले व बेतले जाते, त्या ‘उलू’ नामक सुरीचे विवेचन प्रस्तुत लेखात करावयाचे योजिले आहे.

प्रारंभी नावांसंबंधी खुलासा करणे अवश्य आहे. जुन्या ग्रंथांत या लोकांना सरसकट ‘एस्किमो’ म्हटलेले आढळते. ग्रीनलंड व कॅनडा येथील लोक स्वतःस ‘इनुइट’ म्हणवितात आणि आज तेच नाव तेथे योग्य समजले जाते. पश्चिम अलास्कातील यूपिक हे त्यांचे भाषाबंधू होत. त्यांच्याकडे याच सुरीस ‘उलुआक’ म्हणतात. पुरुषाच्या सुरीचे नाव ‘सविक’ असे निराळे आहे. या दुसऱ्या नावाचा संदर्भ पुढे येईल.

१. रचना

उलूचे पाते अर्धचंद्राकृती अथवा पंख्याच्या आकाराचे असते. धार वक्र कडेला असते व मूठ तिच्या नेमकी विरुद्ध बाजूस, पात्याच्या माथ्यावर, आडवी बसविलेली असते. मूठ वॉलरसच्या सुळ्याची, कॅरिबूच्या शिंगाची, कस्तुरी-बैलाच्या शिंगाची, देवमाशाच्या हाडाची किंवा वाहून आलेल्या लाकडाची करतात. पश्चिमेकडील, म्हणजे अलास्कातील उलूंमध्ये पाते बहुधा मुठीच्या खाचेत सरळ बसविलेले असते. पूर्वेकडे पात्यापासून एक दांडा वर निघून तो मुठीत रोवलेला दिसतो.

वॉशिंग्टन येथील राष्ट्रीय संग्रहालयाच्या १८९० च्या अहवालात ओटिस मेसन या मानवशास्त्रज्ञाने उलूवर एक स्वतंत्र निबंध लिहिला आणि पाश्चात्य खोगीरकाराच्या अर्धचंद्राकृती सुरीशी तिचे साम्य दाखविले. महाराष्ट्रातील वाचकास हे साम्य समजावून घेण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. चांभाराची रापी पाहावी. तिचे पाते रुंद असून धार पुढे व हात धारेच्या मागे येतो. चामड्यावर जोर सरळ उतरावा हाच तेथेही हेतू आहे. स्वयंपाकघरातील विळी मात्र केवळ दिसण्यात जवळची आहे. विळीत पाते स्थिर असते आणि पदार्थ दोन्ही हातांनी पात्यावर आणावा लागतो. उलूमध्ये पाते हलते व एक हात मोकळा राहतो. त्या मोकळ्या हाताने कातडे ताणून धरता येते, आणि ताणल्यावाचून कातडे नीट सुटत नाही.

२. कापण्याची क्रिया

या रचनेचे लाभ तीन प्रकारचे आहेत. पहिला जोराच्या दिशेसंबंधी होय. सामान्य सुरीत मूठ पात्याच्या मागे असते. टोकाने कापू लागताच सुरी हातात उलटू पाहते व मनगटास तिला सावरावे लागते. उलूची मूठ धारेच्या मध्यावर असल्यामुळे हाताचा भार सरळ धारेवर पडतो. दिवसभर चरबी सोडविणाऱ्या स्त्रीच्या मनगटास यामुळे जो विसावा मिळतो तो लहान नव्हे.

दुसरा लाभ वक्रतेचा आहे. वक्र धार सपाट पृष्ठभागास एका वेळी थोड्याच ठिकाणी स्पर्श करते. त्यामुळे तोच जोर लहान क्षेत्रावर एकवटतो. शिवाय उलू डोलविली असता धार केवळ दाबली जात नाही, ती तिरकी ओढली जाते. तिरक्या ओढीने धार अधिक बारीक असल्यासारखी काम करते. समजा, धारेचा कोन ३० अंश आहे आणि हालचालीची दिशा सरळ खाली न राहता ६० अंशांनी तिरपी झाली. तर मांसास प्रत्यक्षात भेटणारा कोन सुमारे १५ अंशच उरतो. फार पातळ धार घासता येत नाही अशा द्रव्याची सुरीही कार्यक्षम का ठरते, याचे उत्तर यात आहे.

तिसरा लाभ सुरक्षिततेचा. सीलच्या चरबीने हात व मूठ निसरडी होतात. सरळ सुरीवर हात पुढे घसरला तर तो धारेवर जातो. म्हणूनच अशा सुऱ्यांना बोटांपुढे आड ठेवावी लागते. उलूवर हात घसरला तरी मुठीवरच, धारेशी समांतर, घसरतो.

कामाच्या प्रकारानुसार आकार भिन्न असतात. प्राणी सोडविण्यास मोठी उलू, कातड्यावरील चरबीचा थर काढण्यास रुंद धारेची, तर कपडे बेतण्यास व कोपरे कापण्यास लहान उलू वापरतात. कातडे फळीवर पसरून प्रथम चरबी काढतात. ती चरबी ‘कुल्लिक’ या दगडी दिव्यात जळते व घरास उजेड आणि ऊब देते. जोड्यांसाठी लागणाऱ्या कातड्यावरील केसही धारदार उलूनेच तासून काढतात. येथे पाते किंचित अधिक खोल गेले तर कातड्यास छिद्र पडते, किंचित वर राहिले तर चरबी उरून कातडे कुजते. जेवतानाही मांसाचा तुकडा दातांत धरून ओठांपाशी सुरीने कापण्याची रीत आहे. फ्रांझ बोआस १८८३-८४ मध्ये बाफिन बेटावर राहिला, व १८८८ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ग्रंथात या लोकांच्या गृहकृत्यांचे वर्णन आहे. ते वाचताना सुरी आणि हात यांचा हा निकट संबंध ध्यानी ठेवावा.

३. द्रव्य

उलूच्या पात्याचा इतिहास हा टंचाईतून काढलेल्या मार्गांचा इतिहास होय. सर्वांत परिचित द्रव्य म्हणजे पाटीचा दगड. तो थरांनी फुटतो, वाळूच्या दगडावर पाणी घालून घासला असता त्यास सरळ कड येते, आणि बोथट झाला तर पुन्हा घासता येतो. तो ठिसूळ असल्याने हाडावर चालत नाही, परंतु मासळी, चरबी व कातडे यांस पुरतो. अलास्काच्या कोडियाक बेटावर अशी पाती दोन हजार वर्षांहून अधिक जुन्या थरांत सापडली आहेत. १९२१-२४ मधील पाचव्या थुले मोहिमेत थेर्केल मॅथियासेन याने ज्या ‘थुले’ संस्कृतीचे स्वरूप निश्चित केले, त्या आजच्या इनुइटांच्या पूर्वजांच्या वसाहतींतही पाटीच्या दगडाची उलू नेहमीची आहे.

जेथे शुद्ध तांबे निसर्गतः मिळते तेथे, म्हणजे कॅनडातील कॉपरमाइन नदीच्या परिसरात, ते ठोकून पाती करीत. १९१३ ते १९१८ च्या कॅनेडियन आर्क्टिक मोहिमेतील डायमंड जेनेस याने या लोकांच्या साधनांचे तपशीलवार वर्णन १९४६ साली प्रसिद्ध केले. याच लोकांना आणखी एक खाण अकस्मात लाभली होती. ‘इन्व्हेस्टिगेटर’ हे ब्रिटिश जहाज १८५३ साली बँक्स बेटाच्या मर्सी उपसागरात सोडून द्यावे लागले. त्यातील लोखंड व तांबे कित्येक वर्षे सुऱ्यांच्या कामी येत राहिले.

सर्वांत विलक्षण द्रव्य वायव्य ग्रीनलंडमधील होय. १८१८ साली जॉन रॉस तेथे पोहोचला, तेव्हा युरोपीय व्यापाराचा स्पर्श नसलेल्या लोकांजवळ त्यास लोखंडी धारेच्या सुऱ्या आढळल्या. लोखंडाचे चपटे तुकडे हाडाच्या वा सुळ्याच्या खाचेत ओळीने बसवून ती धार केलेली होती. हे लोखंड आकाशातून पडलेल्या उल्कापाषाणांचे होते व त्यात सुमारे ८ टक्के निकेल आहे. भट्टी पेटविण्यास लाकूड नव्हते. म्हणून ते लोखंड थंडच, बेसॉल्टच्या दगडांनी, ठोकून काढीत. ते दगडही दुरून आणावे लागत, आणि उल्कापाषाणाभोवती त्यांचा मोठा खच पडलेला आढळला. येथील एका वस्तीचे नाव ‘सविस्सिविक’, म्हणजे लोखंडाचे ठिकाण, असे आहे. पुरुषाची सुरी ‘सविक’ व लोखंडही ‘सविक’. द्रव्याचे आणि हत्याराचे नाव एकच झालेले आहे.

रॉबर्ट पिअरी याने १८९५ साली यांपैकी ‘स्त्री’ व ‘कुत्रा’ या नावांचे दोन पाषाण आणि १८९७ साली सुमारे ३१ टनांचा तिसरा पाषाण न्यूयॉर्कला नेला; ते आज तेथील नैसर्गिक इतिहासाच्या अमेरिकन संग्रहालयात आहेत. त्या वेळेपर्यंत व्यापारातून पोलाद मिळू लागले होते, हे खरे. तथापि ज्या खाणीने पिढ्यान् पिढ्या धार पुरविली तिचे प्रदर्शनीय वस्तूत रूपांतर झाले, ही गोष्ट संग्रहशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. पुढील काळात जुन्या करवतीच्या पात्याचे पोलाद हे उलूचे नेहमीचे द्रव्य बनले. आजही घरगुती उलू पुष्कळदा करवतीच्या पात्यातूनच कापलेली असते.

४. घडविणारा आणि वापरणारी

उलू परंपरेने पती अथवा पिता घडवितो आणि ती स्त्रीची स्वतःची मालमत्ता असते. मुठीची लांबी व जाडी तिच्या मुठीच्या मापाने, पात्याची रुंदी तिच्या कामाच्या मापाने ठरते. मुलीस लहान उलू देऊन काम शिकवितात. आईची उलू मुलीकडे जाते. अनेक ठिकाणी मृत स्त्रीबरोबर तिची उलू ठेवण्याचीही रीत होती. उत्खननकार उलूवरून स्त्रीचे दफन वा स्त्रीचे कार्यस्थान ओळखू पाहतात, त्यास हा आधार आहे. परंतु येथे सावधगिरी हवी. घडविणारा पुरुष, वापरणारी स्त्री, आणि प्रसंगी हाताशी असेल तो ती उचलणार. अशा वस्तूवरून एकाच व्यक्तीचे लिंग निश्चित करणे नेहमीच निर्दोष ठरत नाही. पात्यावरील घास, मुठीवरील झीज आणि आसपासच्या हाडांवरील कापल्याच्या खुणा यांचा एकत्र विचार झाला तरच अनुमान विश्वसनीय होते.

५. आजची स्थिती

उलू हे लुप्त हत्यार नव्हे. पर्यटकांसाठी कारखान्यांत तिच्या प्रती निघतात, आणि १९७० साली सुरू झालेल्या आर्क्टिक हिवाळी क्रीडास्पर्धांत पदकेही उलूच्या आकाराची देतात. परंतु तिचा खरा आधार सीलची शिकार हाच आहे, आणि त्यासच विसाव्या शतकाच्या अखेरीस धक्का बसला. सीलच्या पिलांच्या कातड्यांची आयात युरोपीय समुदायाने १९८३ साली बंद केली. प्रौढ सीलची शिकार करणाऱ्या इनुइटांचा त्या पिलांशी संबंध नव्हता, तरी सर्वच सीलकातड्यांचा बाजार कोसळला. २००९ च्या युरोपीय बंदीत इनुइटांच्या परंपरागत शिकारीस अपवाद ठेवण्यात आला. पण मोडलेला बाजार अपवादाने पूर्ववत झाला नाही. कातडे विकले जात नाही तेव्हा ते सोडविण्याची कलाही हळूहळू थोड्या हातांत उरते, आणि हात उरले नाहीत तर सुरी भिंतीवर जाते.

एवंच, उलूचा आकार हा केवळ परंपरेचा हट्ट नसून हात, द्रव्य व काम या तिहींच्या मेळातून सिद्ध झालेला आहे. दगड जाऊन तांबे आले, तांबे व उल्केचे लोखंड जाऊन पोलाद आले, तरी आकार टिकला. कारण काम टिकले. आपल्याकडील रापी, विळी व कोयता यांचा असा अभ्यास अद्याप व्हावयाचा आहे. विद्यार्थ्यांनी एखाद्या चर्मकाराच्या किंवा मासळी विकणाऱ्या स्त्रीच्या हत्याराची मापे घ्यावीत, ते कोणी घडविले, कितव्यांदा धार लावली, मूठ कोठे झिजली हे विचारावे व त्याची नोंद करावी. त्यासाठी ध्रुवप्रदेशात जाण्याची गरज नाही. मात्र ही हत्यारे वापरणारे हात कामातून निवृत्त होण्यापूर्वी हे काम झाले पाहिजे.