बँकेत रोकड भरताना विचारतात: पैसे कुठले? आडत्याची पट्टी आहे का?

नोव्हेंबर २०१६ मध्ये 'पैसे कुठले' हा प्रश्न खातेदाराच्या आधी बँकेलाच विचारला गेला होता. ८ तारखेच्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झाल्या. सांगली आणि सातारा जिल्हा बँकांच्या गावोगावच्या शाखांत लोकांनी १० तारखेपासून जुन्या नोटा भरल्या आणि १४ तारखेला रिझर्व्ह बँकेने जिल्हा बँकांना त्या घ्यायला मनाई केली. पुढाऱ्यांचा काळा पैसा या बँकांतून पांढरा होईल, ही शंका. मग नाबार्डने खातेदारांची केवायसी तपासली. जून २०१७ मध्ये त्या रिझर्व्ह बँकेत भरायची परवानगी देणारी अधिसूचना निघेपर्यंत नोटा तिजोरीत पडून होत्या. ठेवीदाराला व्याज चालू, नोटांवर मात्र छदाम नाही. ८ नोव्हेंबरला शिल्लक असलेली रोकड तर त्यानंतरही स्वीकारली गेली नाही. सांगलीसह राज्यातल्या आठ जिल्हा बँकांचे सुमारे ११२ कोटी त्यात अडकले.

आता काउंटरच्या आतला माणूस तेच बाहेरच्याला विचारतो, आणि आपल्याला राग येतो. पण तो विचारतो ते कायद्याने. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायदा २००२ चा, अंमल १ जुलै २००५ पासून. दहा लाखांवरच्या रोख व्यवहाराची माहिती बँकेला दर महिन्याला दिल्लीच्या फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटला कळवावी लागते. दीड-दीड लाख करून भरले तरी महिन्याची बेरीज होतेच. संशयास्पद व्यवहाराला तर रकमेची अटच नाही, आणि असा अहवाल पाठवल्याचं खातेदाराला सांगायची बँकेला बंदी आहे. बँकेतले साहेब नुसतं 'वरून आलंय' म्हणतात, त्यामागे कधीकधी हेही असतं.

उसाच्या पैशाला कुणी काही विचारत नाही. बिल कारखान्याकडून थेट खात्यावर येतं. अडचण द्राक्षाची आणि बेदाण्याची. परगावचा व्यापारी बागेतून माल उचलतो, रोख मोजतो आणि गाडी निघून जाते. शेतकरी म्हणतो, शेतीच्या उत्पन्नाला कर नाही, मग चौकशी कशाला? कर नाही हे खरं. पण पैसा शेतीचाच आहे, हे दाखवायचं काम त्याचंच. तासगाव किंवा सांगलीच्या सौद्यात बेदाणा गेला असेल तर आडत्याची पट्टी असते: किती बॉक्स, काय दर, तोलाई-हमाली किती कापली. ती पट्टी आणि सातबारा एकमेकांशी जुळले, की बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. तीस गुंठ्यांच्या बागेवर चाळीस लाखांचा बेदाणा निघाला, तर मात्र साहेबही गणित करतात. तेही इथलेच असतात. सातबाऱ्यावरची पीकपाहणीही बघायला हवी. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाइलवरून आपणच नोंदवायची आहे. ती राहून गेली आणि उताऱ्यावर जुनी ज्वारीच दिसली, तर द्राक्षाचे पैसे सांगणं जड जातं.

विटा, खानापूर, आटपाडी आणि शेजारच्या माण-खटावची गोष्ट वेगळी. इथल्या कित्येक घरांतला एकजण देशात कुठंतरी गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात असतो. गलाईवाला पोरगा बँकेतून पैसे पाठवतो तेव्हा वाट दिसते. यात्रेला येताना त्याने पिशवीतून आणलेली रोकड वडिलांनी खात्यावर भरली, की प्रश्न वडिलांना येतो. मुलाने बापाला दिलेल्या पैशावर कर नाही. पण मग मुलाच्या हिशेबात ती रक्कम दिसायला हवी, आणि वडिलांना धंद्याचं विचारलं तर 'आमचा थोरला बघतो' याच्यापुढं त्यांना सांगता येत नाही. पुरावा म्हणून मुलाचं सही केलेलं पत्र आणि त्याचं विवरणपत्र जोडलेलं बरं.

सगळ्यात अवघड जमिनीचे पैसे. खरेदीखतात एक रक्कम आणि हातात दुसरी, ही रीत सांगली-साताऱ्यात सर्वांना माहीत आहे. खतातली रक्कम दाखवता येते. वरची बँकेत न्यायची म्हटली, की तिला कागदच नसतो. त्यात १ जून २०१५ पासून जमीन-घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली, तर घेणाऱ्याला तेवढाच दंड होऊ शकतो. देणारा-घेणारा दोघेही शेतकरी आणि दोघांचंही करपात्र उत्पन्न नसेल, तर सूट आहे. गिऱ्हाईक पुण्या-मुंबईचा नोकरदार असला, की ती सूट गेली. पैसे कशाला काढले, हे त्याची बँकही त्याला विचारू शकते. त्याच्या पासबुकात ज्या आठवड्यात ती रोकड काढलेली दिसते, त्याच आठवड्यात गावच्या खात्यात ती जमा झालेली दिसली, की दोन्ही टोकं जुळतात.