शेवटच्या घरापर्यंत पाणी पोहोचले पाहिजे

सिन्नर तालुक्याचा मोठा भाग पर्जन्यछायेत येतो. शेजारच्या इगतपुरीत पाऊस कोसळतो, तर सिन्नरच्या पूर्व भागातील गावे उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. सिन्नर शहरालाही इगतपुरी तालुक्यातील कडवा धरणाचे पाणी वीज खर्चून आणावे लागते. इतक्या दुरून आलेले पाणी मोरीतून फुकट वाहून जाते, त्याचा विचार घराघरांत झाला पाहिजे.

पाणी सर्वांचे आहे, हे सांगण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर जावे लागले. त्या तळ्याचा कोर्टातला निकाल लागायला १९३७ साल उजाडले. आज नळ दारात आला. पण पाइपलाइनच्या सुरुवातीची घरे नळाला थेट मोटार लावतात आणि टोकाच्या घरात नुसती हवा येते. अशा ओढीमुळे फुटक्या पाइपातून गटाराचे पाणीही आत शिरते. तेव्हा मोटार आधी काढा. आपण वाचवलेले पाणी हा शेजाऱ्याचा हक्क आहे.

पाणी शिळे होत नाही

नळाला पाणी आले की कालचे भरलेले हंडे ओतून द्यायचे, ही आपल्याकडची जुनी सवय. भगिनींनो, स्वच्छ भांड्यात झाकून ठेवलेले पाणी एका रात्रीत शिळे होत नाही. डेंग्यूचा डास होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा भांडी, टाक्या घासून कोरड्या कराव्यात हे खरे. पण ते पाणी गटारात न ओतता संडास, फरशी व झाडांसाठी वापरावे.

हिशेब करून पाहा

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसात चार लिटरच्या वर पाणी घालवतो. त्याचा वायसर काही रुपयांत बदलता येतो. शॉवरखाली पाच मिनिटांत पन्नास लिटर पाणी सहज जाते. बादली-तांब्याने एका बादलीत अंघोळ होते. भांडी वाहत्या नळाखाली न धुता दोन टोपल्यांत विसळावी. कपड्यांचे शेवटचे पाणी संडासाला वापरावे. फ्लशच्या जुन्या टाकीत पाणी भरलेली लिटरची बाटली ठेवली, तर दर वेळी एक लिटर वाचते.

छपराचे पाणी

एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. पाचशे चौरस फुटांचे पत्रे आणि वर्षाचा ५०० मिलिमीटर पाऊस धरला, तर सुमारे तेवीस हजार लिटर होतात. थोडे वाया गेले तरी अठरा हजार लिटर हाती लागते. पहिल्या पावसाचे पाणी सोडून द्यावे, पुढचे गाळून टाकीत घ्यावे आणि उरलेले विहिरीच्या किंवा बोअरच्या बाजूला मुरवावे.

हे काम एकट्या आईचे नाही

हंडा बाईच्या डोक्यावर, म्हणून पाण्याची काळजीही तिनेच करायची, हे बरोबर नाही. नळ दुरुस्ती वडिलांनी करावी, मुलांनी रोज किती बादल्या लागल्या ते वहीत लिहावे. सिन्नरच्या देवनदीवरील ब्रिटिशकालीन बंधारे व पाट ‘युवा मित्र’ संस्था आणि गावकऱ्यांनी मिळून पुन्हा वाहते केले. शेतकरी शेताचे पाणी वाटून घेऊ शकतात, तर एका गल्लीतल्या दहा घरांना नळाचे पाणी वाटून घेणे अवघड नाही. या रविवारी आपल्या गल्लीची बैठक बोलवा आणि शेवटच्या घरातील नळ प्रथम पाहा.