तबकडीला मानवणारी सुई

हसनाबादसारख्या गावांत रेकॉर्ड आली ती लग्नाच्या मांडवातून. आपल्या भोकरदन तालुक्यात घरचा रेकॉर्ड प्लेअर असणारी घरं हाताच्या बोटांवर मोजण्यासारखी. लाउडस्पीकरवाल्याकडे मात्र तो हमखास असे. भोंगा लिंबाच्या फांदीला नाहीतर माळवदावर बांधायचा, अ‍ॅम्प्लिफायर बॅटरीला जोडायचा आणि हळदीपासून वरातीपर्यंत त्याच त्या तबकड्या आलटून पालटून लावायच्या. भोंगा किती लांब ऐकू जातो याची चर्चा गावभर होई. ज्या वस्तूवाचून त्या भोंग्यातून चकार शब्द निघाला नसता, ती बोटाच्या पेराएवढी वस्तू म्हणजे कार्ट्रिज. तिच्याबद्दल कुणी बोललंच, तर ‘पिन बदलायला झाली’ एवढंच.

मला या वस्तूचं वेड आहे. जुनी कार्ट्रिजं मी जपतो, साफ करतो, वाजवतो, आणि त्यांचा आनंद निव्वळ आठवणींचा नाही असं माझं ठाम मत आहे. आपल्याकडच्या जुन्या तबकड्यांना जुनी कार्ट्रिजं खरोखरच मानवतात, आणि त्याला पक्की कारणं आहेत.

बारा इंची एलपीच्या एका बाजूला एकच खाच असते, बाहेरून आत वळत जाणारी. वीस मिनिटांच्या बाजूवर ती उलगडली तर चारशे मीटरच्या पुढे जाईल. तिच्या भिंती सुराबरहुकूम नागमोडी कापलेल्या असतात. सुईचं टोक त्या भिंतींना टेकून थरथरतं आणि कार्ट्रिज त्या थरथरीची वीज करतं. ही वीज कशी होते, यावर कार्ट्रिजची जात ठरते.

आपल्याकडे पहिल्यांदा रुळली ती क्रिस्टलची जात. आत रोशेल सॉल्ट नावाच्या क्षाराची चकती. तिला पीळ बसला की वीज निर्माण होते. हा गुण १८८० साली क्यूरी बंधूंनी दाखवून दिला. या विजेचा दाब अर्धा-एक व्होल्टपर्यंत जातो, त्यामुळे साध्या, स्वस्त अ‍ॅम्प्लिफायरलाही ती पुरते. मांडवातल्या वापराला हे सोयीचं होतं. पण रोशेल सॉल्टचे दोन वैरी, दमट हवा आणि उष्णता, आणि मराठवाड्यात दोन्ही वर्षात आळीपाळीने हजेरी लावतात. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, आणि उन्हातल्या बंद पत्र्याच्या पेटीत तर त्याहून कितीतरी वर जातो. साधारण पंचावन्न अंशांपुढे हा क्षार आपलं पाणी सोडायला लागतो आणि कार्ट्रिज मुकं होतं. मग पावसाळ्यात उरलेल्यांवर पाळी येते. म्हणून मूळ क्रिस्टल कार्ट्रिज आज बोलतं मिळालं तर ते नशीबच समजायचं. पुढे त्याच घाटाची सिरॅमिकची कार्ट्रिजं आली. ती ऊन-पाऊस सोसतात आणि आजही धडधाकट सापडतात.

यांतलं फिरत्या सुईचं एखादं कार्ट्रिज हातात घेऊन बघावं. पुढे मुगाच्या दाण्याएवढी एक दांडी बाहेर आलेली असते. ती अंगठ्याने अर्धा फेरा फिरवली की टक् असा आवाज होतो आणि खालची सुई बदलते. दांडीच्या एका अंगाला ‘७८’ लिहिलेलं, म्हणजे मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे घेणाऱ्या जुन्या लाखेच्या तबकडीसाठी, दुसऱ्या अंगाला ‘एलपी’. ७८ची खाच रुंद, म्हणून तिच्या सुईचं टोक तीन मिलचं, म्हणजे इंचाच्या तीन हजारांशाएवढ्या त्रिज्येचं. मोनो एलपीसाठी एक मिल, स्टिरिओसाठी साधारण ०.७ मिल. एलपीची सुई ७८च्या खाचेत घातली तर ती तळाशी जाऊन धूळ खरवडते आणि गाण्याच्या जागी खरखर ऐकू येते. कितीतरी चांगल्या तबकड्यांवर ‘खराब’ असा शिक्का बसला तो केवळ ही दांडी चुकीच्या बाजूला राहिल्यामुळे.

चुंबकाची कार्ट्रिजं ही वेगळी दुनिया. सुईच्या दुसऱ्या टोकाला सूक्ष्म चुंबक, भोवती तारेची वेटोळी, आणि विजेचा दाब तीन ते पाच मिलिव्होल्ट. त्यासाठी वेगळा प्रीअ‍ॅम्प्लिफायर लागतो. अमेरिकेच्या शुअर कंपनीने १९६४ मध्ये ‘व्ही-१५’ आणलं. त्याचा १९७३चा तिसरा अवतार पाऊण ते सव्वा ग्रॅम भारावर चालतो. मांडवातली सिरॅमिक कार्ट्रिजं पाच-सहा ग्रॅमचा भार टाकायची, आणि चावीच्या ग्रामोफोनचा साउंडबॉक्स तर शंभर ग्रॅमच्या पुढे. जपानच्या डेनॉनने तिथल्या सार्वजनिक नभोवाणीसाठी १९६०च्या दशकात ‘डीएल-१०३’ हे हलत्या वेटोळ्याचं कार्ट्रिज बनवलं. त्याला अडीच ग्रॅम लागतात, आणि ते आजही तयार होतं. शुअरने मात्र २०१८ मध्ये कार्ट्रिजं बनवणं बंद केलं.

आता मुद्द्याचं. हसनाबाद-भोकरदनकडे ट्रंकांतून निघणाऱ्या एलपी बहुतेक मोनो, आणि वर्षानुवर्षं जड सुईखाली वाजलेल्या. लेबलवर ‘ईसीएलपी’ किंवा ‘ईएएलपी’ असेल तर ती मोनो. ‘ईसीएसडी’ किंवा ‘ईएएसडी’ असेल तर स्टिरिओ. मोनो तबकडीत गाणं फक्त आडव्या हालचालीत असतं. धूळ, ओरखडे आणि झीज सुईला वर-खालीही उडवतात. खरं मोनो कार्ट्रिज ही उभी हालचाल मनावर घेतच नाही, त्यामुळे निम्मी चरचर जागच्या जागी गळते. शिवाय एक मिलचं गोल टोक खाचेत थोडं वर बसतं. आधीच्या सुयांनी झिजवलेला पट्टा चुकला तर भिंतीचा शाबूत भाग त्याला मिळतो. नाजूक, धारदार टोकाचं महागडं नवं कार्ट्रिज हीच तबकडी वाजवतं तेव्हा एकेक ओरखडा प्रामाणिकपणे ऐकवतं. सुधीर फडक्यांच्या स्वरातल्या ‘गीतरामायणा’ची झिजलेली एलपी मी दोन्हींवर ऐकली आहे. जुन्या मोनो कार्ट्रिजवर शब्द स्पष्ट येतात आणि गळ्याला भरीवपणा येतो.

उलटा प्रयोग मात्र करू नये. जुन्या मोनो कार्ट्रिजची सुई वर-खाली लवत नाही. स्टिरिओ तबकडीवर ती ठेवली तर खाच कायमची बिघडते. मोनो कार्ट्रिज नसेल तर स्टिरिओ कार्ट्रिजचे डावे-उजवे दोन्ही सिग्नल एकत्र जोडावेत, उभा गोंगाट एकमेकांना छेदतो. पदरचा पैसाही न घालता होणारी ही युक्ती फार थोडेजण वापरतात याचं मला वाईट वाटतं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा चोरबाजारात जुनं कार्ट्रिज दिसलं तर अंगाला भुलू नये. वेटोळी आणि चुंबक पन्नास वर्षंही टिकतात. आधी जातो तो सुईच्या दांडीमागचा रबराचा तुकडा. तो कडक झाला की सुई खाचेत नाचते आणि ‘स’ फुटतो. घड्याळजीचं भिंग डोळ्याला लावून टोक बघावं. दोन्ही बाजूंना चकचकीत सपाट ठिपके दिसले तर ती सुई तबकडीच कापणार. अशा वेळी अंग ठेवून सुई नवी घ्यावी. जपानच्या ह्योगो प्रांतातली जिको कंपनी, जिची सुरुवात शिवणाच्या सुयांपासून झाली, बंद पडलेल्या कितीतरी मॉडेलांसाठी सुया बनवते. शुअरच्या ‘एम-४४’ची सुईही तिथे मिळते. आणि आपल्याकडच्या काळ्या मातीची धूळ! ती सुईवर चिकट गोळा होऊन बसते. प्रत्येक बाजू लावण्याआधी मऊ ब्रश मागून पुढे फिरवायचाच. आडवा फिरवला तर सुईची दांडी वाकते.

कार्ट्रिजला माणसाने किती मान दिला, याचा एक दाखला मला फार मोलाचा वाटतो. १९७७ मध्ये व्हॉयेजर अंतराळयानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची तबकडी बसवली, तेव्हा तिच्यासोबत कार्ट्रिज आणि सुईही पाठवली. ती कशी ठेवायची याची आकृती वरच्या झाकणावर कोरली. मिनिटाला १६⅔ फेरे घेणाऱ्या त्या तबकडीवर गोव्याच्या केरी गावच्या केसरबाई केरकरांची साडेतीन मिनिटांची भैरवी आहे. अनोळखी श्रोत्याला गाणं द्यायचं तर सुईही द्यावी लागते, हे ती तबकडी पाठवणाऱ्यांनी ओळखलं होतं.

मुंबईत १९९० मध्ये सुरू झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने तबकड्या, त्यांचे क्रमांक आणि कलाकार यांची नोंद करण्याचं मोठं काम केलं आहे. मराठवाड्यातल्या लाउडस्पीकरवाल्यांच्या ट्रंकांना असा हात अजून लागायचा आहे. त्यांतली एखादी ७८ हाती आली तर आधी कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसून सुकवावी, स्पिरिट अजिबात लावू नये, लाखेला ते खातं. मग तीन मिलची सुई, डावे-उजवे सिग्नल जोडलेले, आणि पहिल्याच वाजवणीला ध्वनिमुद्रण चालू. लेबलवरचा क्रमांक वहीत उतरवून घ्यायचा, आणि सुई कुठली वापरली तेही त्याच ओळीत लिहायचं.