करपावती म्हणजे परवानगी नव्हे

मध्यमवर्गीय माणूस आयुष्यात बहुधा एकदाच मोठा व्यवहार करतो, तो म्हणजे घराचा. भविष्य निर्वाह निधीतून उचललेली रक्कम, पत्नीच्या अंगावरचे थोडे सोने आणि बँकेचे कर्ज यांची मोट बांधून शिक्षक वा कारकून एक भूखंड घेतो. बाजारात वांगी घेताना चार ठिकाणी भाव विचारणारा हा गृहस्थ भूखंड घेताना मात्र विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावर निमूटपणे सही करतो. वर्धा शहराला खेटून असलेल्या नालवाडीसारख्या गावांत या निष्काळजीपणाची किंमत विशेष मोठी आहे.

नालवाडीचे नाव महाराष्ट्राला परिचित आहे ते विनोबांमुळे. 1932 च्या अखेरीस ते येथे राहावयास आले. 1935 मध्ये येथेच चर्मालय उभे राहिले आणि 1938 मध्ये विनोबा पवनारला गेले. पुढे ज्यांनी भूमिहीनांसाठी देशभर पायी फिरून जमीन मागितली, त्यांच्या त्या वेळच्या गावात आज जमिनीचे मोजमाप एकरांत नव्हे, चौरस फुटांत होते. 1866 मध्ये पालकवाडीच्या जागी जिल्ह्याचे ठाणे म्हणून वसवलेले वर्धा शहर वाढत वाढत शेतांवर आले आणि कपाशीच्या वावरांची ‘ले-आऊटे’ झाली. जनगणनेच्या कसोट्यांनी नालवाडी नगर ठरली. कारभार मात्र ग्रामपंचायतीचा राहिला. वस्ती शहराची आणि कारभार खेड्याचा, या विसंगतीतच सारा घोटाळा आहे.

वस्तुतः कोणत्याही भूखंडासंबंधी चार स्वतंत्र प्रश्न विचारावयास हवेत. जमीन कोणाच्या मालकीची आहे? तिचा वापर कशासाठी करता येतो? तिचे तुकडे पाडण्यास मंजुरी आहे काय? आणि तीवर घर बांधण्यास परवानगी आहे काय? पहिल्याचे उत्तर सातबारा, फेरफार वा आखीव पत्रिका यांवरून आणि जुन्या खरेदीखतांवरून शोधावे लागते. दुसऱ्याचे उत्तर नगररचना कार्यालयातील योजनेच्या नकाशात असते. तेथे निवासी विभाग पिवळा आणि शेती विभाग हिरवा दाखवलेला असतो. म्हणूनच लोक ‘पिवळा पट्टा’, ‘हिरवा पट्टा’ असे बोलतात. तिसऱ्याचे उत्तर मंजूर अभिन्यासात आणि चौथ्याचे बांधकाम परवान्यात असते. यांपैकी एका प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही. तथापि विक्रेता बहुधा एकच कागद दाखवतो आणि तो चारही प्रश्नांचे उत्तर आहे, असे भासवतो.

सर्वांत फसवा कागद ग्रामपंचायतीचा ‘नमुना 8’ हा होय. ही कर आकारणीची नोंदवही आहे. घर उभे आहे, म्हणून त्यावर कर बसतो. ते कायदेशीर आहे की नाही, याचा निर्णय त्या नोंदीत होत नाही. अनधिकृत घराचाही कर घेतला जातो. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 52 अन्वये बांधकामास परवानगी देण्याचा अधिकार पंचायतीला मिळाला आहे, हे खरे. परंतु प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात तो गावठाणाच्या हद्दीपुरता आहे. हद्दीबाहेर 1966 च्या महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. नवी ले-आऊटे सहसा गावठाणाबाहेरच पडतात, हे येथे विसरता कामा नये.

शेतजमीन अकृषक करण्याची कटकट अलीकडच्या दुरुस्त्यांनी बरीच कमी केली आहे. गावठाणाच्या सीमेपासून 200 मीटरच्या आतील जमिनीला निवासी वापरासाठी सवलत देणारे कलम महसूल संहितेत आले. त्यावरून ‘आता काहीच लागत नाही’ असा सोयीस्कर अर्थ काढला जातो. तो चुकीचा आहे. अकृषक वापराची मुभा आणि बांधकामाची परवानगी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

कायदा इतका किचकट की सामान्याने त्याच्या वाटेला जाऊच नये, ही तक्रारही आता पूर्वीइतकी खरी नाही. डिसेंबर 2020 मध्ये बृहन्मुंबई व काही क्षेत्रे वगळून राज्यभर एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तिच्यानुसार 150 चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर, नियमांत बसणारा नकाशा नोंदणीकृत तज्ज्ञामार्फत सादर करून शुल्क भरले की त्याची पोचच परवानगी मानली जाते. 150 ते 300 चौरस मीटरसाठी दहा दिवसांची मुदत आहे. तीस बाय पन्नास फुटांचा भूखंड सुमारे 139 चौरस मीटरचा भरतो. म्हणजे कारकुनाचे नेहमीचे घर पहिल्याच सवलतीत बसते. अट एवढीच की मुळातला भूखंड मंजूर अभिन्यासातला किंवा अन्यथा कायदेशीर असावा. आणि नेमकी तेथेच मेख आहे.

अनधिकृत भूखंड स्वस्त का मिळतो? 4,000 चौरस मीटर वा त्याहून मोठ्या जमिनीच्या अभिन्यासात दहा टक्के मोकळी जागा सोडावी लागते. एक एकर म्हणजे 43,560 चौरस फूट, सुमारे 4,047 चौरस मीटर. त्याचा दहावा हिस्सा 4,356 चौरस फूट, म्हणजे 1,500 चौरस फुटांचे जवळजवळ तीन भूखंड. मोकळी जागा गिळली की तेवढे भूखंड विक्रेत्याच्या पदरात जादा पडतात; रस्ता अरुंद केला की आणखी भर. खरेदीदाराला जी सवलत वाटते, ती खरे पाहता त्याच्याच मुलांचे मैदान, त्याच्याच दारचा नाला आणि रुग्णवाहिकेची वाट विकून दिलेली असते. नफा विक्रेत्याच्या हाती जातो आणि खर्च पुढे सर्व वस्तीवर पडतो.

यावर शासनाचा तोडगा ठरलेला: नियमित करणे. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने 1 जानेवारी 2001 पूर्वीच्या भूखंडांना आधार दिला. 2021 च्या दुरुस्तीने ती रेषा 31 डिसेंबर 2020 पर्यंत सरकवली. राहत्या घरांवर नांगर फिरवणे अमानुष ठरेल, हे मान्य. परंतु दर वीस वर्षांनी क्षमा मिळते, हे कळले की नियम पाळणारा मूर्ख ठरतो. शिवाय नियमितीकरणाचे शुल्क भरतो तो घरमालक. ले-आऊट पाडणारा केव्हाच पुढच्या गावी गेलेला असतो. आणि क्षमेवर विसंबता येईल, असेही नाही. डिसेंबर 2024 मध्ये मीरतच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की काळ लोटला, पैसा खर्च झाला किंवा अधिकारी गप्प राहिले, म्हणून अनधिकृत बांधकाम वैध होत नाही. बँकांनी पूर्णत्वाचा वा भोगवटा दाखला पाहूनच कर्ज द्यावे, असेही न्यायालयाने बजावले.

तेव्हा इसार देण्यापूर्वी नगररचना कार्यालयातून विभागाचा दाखला घ्यावा, अभिन्यासाच्या मंजुरीची प्रमाणित प्रत मागावी आणि नकाशातील रस्ता व मोकळी जागा प्रत्यक्ष पायांनी मोजून पाहावी. जमीन 500 चौरस मीटरहून मोठी आणि भूखंड आठांहून अधिक असतील, तर स्थावर संपदा प्राधिकरणाकडील नोंदणीही विचारावी. एका सुट्टीच्या दिवसाचे आणि दोन-तीन अर्जांचे हे काम आहे.

परंतु सारा भार खरेदीदाराच्या शहाणपणावर टाकणे न्याय्य नाही. ग्रामपंचायत कर गोळा करते, तर तिच्या हद्दीतील मंजूर अभिन्यासांची यादी व नकाशे तिने फलकावर लावण्यास अडचण कोणती? करपावतीवरच ‘ही बांधकामाची परवानगी नव्हे’ एवढे ठळक छापले, तरी कितीतरी कुटुंबे वाचतील. त्यासाठी नवा कायदा नको, नवा निधी नको. आहे तो कायदा लोकांना दिसेल अशा जागी आणून ठेवण्याची इच्छा तेवढी हवी.