लॉक फाइल ठेवायची कुठे? (आणि माझी एक चूक)

ज्यांचे इअरफोन घरी राहिलेत, त्यांच्यासाठी या भागाचा हा लेखी अवतार. बोललो तसंच ठेवलंय, फक्त ‘अं... म्हणजे...’ काढून टाकलंय.

आज आधी एक कबुली. मागे एका भागात एका श्रोत्याचा प्रश्न घेतला होता. उबुंटूवर काही इन्स्टॉल करायला गेलं की ‘कुड नॉट गेट लॉक’ असं येतं, काय करू? मी बिनधास्त सांगितलं होतं, ‘त्या दोन लॉक फाइल्स डिलीट मारा, काम होईल.’ गेल्या आठवड्यात नऱ्ह्याहून एका इंजिनिअरिंगच्या मुलीचा व्हॉइस मेसेज आला. तिने माझं ऐकलं. त्या वेळी लॅपटॉप मागे गुपचूप स्वतःला अपडेट करत होता. नंतर मशीन सुरू केलं तर काळी स्क्रीन. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रॅक्टिकल, आणि सगळा कोड त्याच डिस्कवर. लाइव्ह पेनड्राइव्ह लावून रात्री दोनला कोड वाचला, पण चूक माझी होती. म्हणून आजचा भाग: ही लॉक फाइल असते काय, आणि ऑपरेटिंग सिस्टिम ती कुठे ठेवते, याला एवढं महत्त्व का?

स्वारगेटला एसटी फलाटावर लागते ना लागते, तोच कुणीतरी खिडकीतून हात घालून सीटवर रुमाल टाकतं. त्या रुमालात तशी काहीच ताकद नसते. कुणीही उचलून बाजूला ठेवू शकतं. तरी आपण म्हणतो, ‘जागा आहे कुणाची तरी.’ लॉक फाइल म्हणजे हाच रुमाल. एखादा प्रोग्रॅम एका ठरलेल्या जागी एक छोटीशी फाइल बनवतो. दुसरा प्रोग्रॅम ती बघतो आणि थांबतो. सगळा मामला समजुतीचा.

मग रुमाल टाकायचा कुठे? यात तीन प्रश्न आहेत.

पहिला: सगळे एकाच जागी बघतायत का? युनिक्सच्या जुन्या दिवसांत मशीनला एक मॉडेम असायचा आणि तो वापरणारे प्रोग्रॅम अनेक. एक स्वतःचा रुमाल एका फोल्डरमध्ये ठेवायचा, दुसरा बघायचा दुसऱ्याच फोल्डरमध्ये. झालं, दोघेही एकाच लाइनवर. म्हणून लिनक्सच्या फोल्डरांची मांडणी ठरवणाऱ्या एफएचएस या मानकाने पत्ता ठरवून दिला: ‘/व्हार/लॉक’. नावही ठरलेलं, एलसीके, दोन टिंबं आणि पुढे उपकरणाचं नाव. आत काय लिहायचं तेही ठरलेलं: लॉक घेणाऱ्या प्रोसेसचा नंबर, म्हणजे पीआयडी, बरोबर दहा अक्षरांच्या जागेत, आणि मग नवी ओळ. नंबर लहान असेल तर पुढे मोकळ्या जागा सोडायच्या. म्हणजे रुमालावर मालकाचं नाव शिवलेलं. तपकीर गल्लीतून आणलेला आर्डुइनो लॅपटॉपला लावून मिनिकॉमने उघडलात, तर अशीच फाइल आजही बनलेली दिसू शकते.

दुसरा प्रश्न: मालक गेला की रुमालही जातो का? पावसाळ्यात लाइट गेली, यूपीएस नाही, डेस्कटॉप धपकन बंद. प्रोग्रॅम मेला, पण त्याची लॉक फाइल डिस्कवर तशीच. परत चालू केल्यावर दुसरा प्रोग्रॅम बघतो, ‘अरे, कुणीतरी आहे.’ प्रत्यक्षात कुणीच नाही. याला म्हणतात शिळं लॉक. पीआयडी तपासून बघावा म्हटलं, तर तेही पक्कं नाही. हे नंबर परत परत वापरले जातात. बूट झाल्यावर तोच नंबर भलत्याच प्रोग्रॅमला मिळालेला असू शकतो. म्हणून प्रत्येक बूटला जुने रुमाल झाडून काढावे लागायचे.

त्यात आणखी एक गोम. ‘/व्हार’ कधीकधी वेगळ्या पार्टिशनवर असतं आणि बूट होताना जरा उशिरा जोडलं जातं. त्याआधीच उठणाऱ्या प्रोग्रॅमांनी नोंदी ठेवायच्या कुठे? मग कुणी ‘/डेव्ह’च्या आत लपवलेले फोल्डर करायचं, कुणी आणखी कुठे. सगळा पसारा.

यावर २०११ मध्ये तोडगा निघाला: ‘/रन’ नावाचा नवा फोल्डर, अगदी मुळाशी. तो डिस्कवर नसतोच, रॅममध्ये असतो. अशा फाइल सिस्टिमला टेम्पएफएस म्हणतात. बूटच्या सुरुवातीलाच तयार होतो आणि मशीन बंद झालं की आपोआप साफ. झाडूची गरजच नाही. ‘/व्हार/लॉक’ हा पत्ता मोडायचा नव्हता, म्हणून तिथे फक्त एक पाटी लावली: ‘आम्ही ‘/रन/लॉक’मध्ये राहायला गेलो.’ तांत्रिक भाषेत सिमलिंक. फेडोरा १५ मध्ये ‘/रन’ आला, मे २०११ मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेडोरावाल्यांची फडकॉन ही परिषद आपल्या सीओईपीत भरली होती. २०१५ च्या जूनमध्ये ती परत पुण्यात आली, आणि त्याच महिन्यात एफएचएसची ३.० आवृत्ती निघून ‘/रन’ला कागदावरही मान्यता मिळाली. गंमत म्हणजे त्या कागदावर लॉकचा पत्ता अजूनही ‘/व्हार/लॉक’च आहे.

तिसरा प्रश्न सगळ्यात वादाचा: रुमाल टाकायची परवानगी कुणाला? डेबियनमध्ये ‘/रन/लॉक’ बरीच वर्षं सगळ्यांसाठी खुला होता. कुणीही फाइल ठेवावी, फक्त दुसऱ्याची उचलू नये. तुमच्या ‘/टेम्प’ फोल्डरसारखंच. सोयीचं आहे. पण विचार करा, हे सगळं रॅममध्ये आहे. एखाद्याने लाखो फाइल्स बनवून ती जागा भरून टाकली, तर सिस्टिमच्या स्वतःच्या प्रोग्रॅमांना जागा उरणार नाही. २०२५ मध्ये डेबियनमध्ये सिस्टिमडीची २५८ वी आवृत्ती आली, तेव्हा इथे लिहायचा हक्क फक्त रूटला उरला. म्हणजे रुमाल फक्त कंडक्टरने टाकायचा! काही डेबियनवाल्यांनी हरकत घेतली. साध्या युजरने चालवलेले, सीरियल पोर्टशी बोलणारे जुने प्रोग्रॅम तिथेच फाइल ठेवतात, त्यांचं काय? प्रकरण डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेलं आणि तिथे जुनी मोकळीक कायम राहिली. दोन्ही बाजूंचं म्हणणं खोटं नाही. एकाला सुरक्षितता हवी, दुसऱ्याला चालू काम मोडायला नको. माझं मत विचाराल, तर आधी जुन्या प्रवाशांची सोय करा, मग दार बंद करा.

आता माझ्या चुकीकडे येतो. एवढं ऐकल्यावर तुमच्या डोक्यात आलं असेल: उबुंटूचं ते लॉक तर ‘/व्हार/लिब/डीपीकेजी’मध्ये असतं, म्हणजे डिस्कवर! ते ‘/रन’मध्ये का नाही?

कारण ते रुमाल नाहीच, ती खुंटी आहे. ती फाइल कायम तिथेच असते, काम चालू असो वा नसो. खरं लॉक कर्नलच्या वहीत असतं. डीपीकेजी ती फाइल उघडतो आणि कर्नलला सांगतो, ‘ही माझ्या नावावर लिही.’ प्रोग्रॅम संपला, मेला किंवा लाइट गेली, तरी कर्नल ती नोंद आपोआप सोडून देतो. शिळं व्हायचा प्रश्नच नाही. म्हणून फाइल डिस्कवर राहिली तरी चालतं.

आणि म्हणूनच ती डिलीट करणं घातक. पहिला प्रोग्रॅम जुनी, आता नाव नसलेली फाइल धरून बसलेला असतो. दुसरा येतो, त्याच नावाची नवी फाइल बनवतो आणि ती लॉक करतो. कर्नलच्या दृष्टीने या दोन वेगळ्या फाइल्स. दोघांनाही वाटतं, आपणच एकटे. मग दोघेही एकाच वेळी पॅकेजच्या नोंदी लिहायला लागतात. नऱ्ह्याच्या लॅपटॉपवर हेच झालं.

मग करायचं काय? एक, तो मेसेज नीट वाचा. हल्लीचं एपीटी लॉक कुणाकडे आहे ते नंबरासकट सांगतं, बहुतेक वेळा ‘अनअटेंडेड अपग्रेड’. दोन, थांबा. चहा प्या, चार्जर लावून ठेवा. तीन, आधीचं काम अर्धवट तुटलं असेल, तर ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ चालवा, ते राहिलेलं पूर्ण करायचा प्रयत्न करतं. फाइलला हात लावू नका. मोबाइलवर टर्मक्स वापरत असाल, तर तिथेही हाच नियम. अँड्रॉइड प्रत्येक अ‍ॅपला स्वतंत्र खोली देतो, त्यामुळे टर्मक्सचं लॉकही त्याच्याच खोलीत असतं. पण दोन टॅबमध्ये एकदम इन्स्टॉल लावलंत, तर भांडण तेच.

तर यातून मी शिकलो ते असं: लॉक कुठे ठेवलंय, यावरून ते किती काळ जगणार हे कळतं. रॅममध्ये असेल तर बूटपुरतं. कर्नलच्या वहीत असेल तर प्रोग्रॅमपुरतं. डिस्कवर नुसता रुमाल असेल, तर कुणी उचलेपर्यंत. आणि उचलण्याआधी, मालक खरंच उतरलाय का, हे बघायचंच.

तो जुना भाग मी काढलेला नाही, सुरुवातीला दुरुस्ती जोडली आहे. माझं ऐकून आणखी कुणाचं मशीन अडकलं असेल तर मेसेज करा, मिळून सोडवू. आणि नऱ्हेकर ताई, प्रॅक्टिकल कसं गेलं ते कळवा. भेटू पुढच्या भागात!